अळीव : "कुठे लिहिलंय?" या प्रश्नाचं उत्तर



मागच्या दिवाळीनंतर माझी भाची चार दिवस राहायला आली होती. चौथा महिना होता तिला. सकाळी मंदिरातून येऊन मी चहा टाकला, तर ती ओट्यापाशी ग्लास घेऊन उभी. ग्लासात पाण्यात भिजून फुगलेला, बुळबुळीत अळीव. "मावशी, यात खूप लोह असतं. मी महिनाभर रोज घेतेय. मोबाईलवर एका बाईंनी सांगितलंय."

मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. वय चौऱ्याऐंशी, नजर अजून तीक्ष्ण. "अगं, ठेव तो ग्लास खाली. पोटुशीनं अळीव खायचा नसतोय. बाळंत झालीस की मीच लाडू करून घालीन."

भाची शिकलेली पोर. तिनं उर्मटपणे नाही, पण सरळ विचारलं, "आजी, असं कुठे लिहिलंय?"

सासूबाई गप्प झाल्या, आणि खरं सांगते, मीही गप्प झाले. मला माझ्या आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. लिहिलेलं कुठे होतं? भाचीनं त्या दिवशी ग्लास ठेवला, तो आजीचा मान राखून. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनीही थांबायला सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या तेवढ्या नियमित घ्यायला लावल्या. सगळं ठीक झालं. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. म्हणून हे एवढेसे लाल दाणे कुठून आले, कोणी खाल्ले आणि कोणी काय लिहून ठेवलं, ते शोधायला बसले. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

मोहरीची धाकटी बहीण

आधी ओळख करून घेऊ. अळीव, अहळीव, हळीव ही आपली नावं. गुजरातीत असाळियो, हिंदीत हालिम किंवा चंसूर, संस्कृतात चंद्रशूर. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. या कुळाची खूण फुलात असते. चार पाकळ्या, समोरासमोर, फुलीसारख्या. अळिवाचं फूल पांढरं आणि इतकं लहान, की चष्मा लावून बघावं लागतं. पान चावलं की मोहरीसारखी झणझण नाकात जाते.

वनस्पतींना नावं देणारा स्वीडनचा लिनियस, त्यानं १७५३ साली याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'लेपिडियम सॅटायव्हम'. पहिल्या शब्दाचा अर्थ छोटा खवला, कारण याची शेंग चपटी, खवल्यासारखी. दुसऱ्याचा अर्थ पेरलेलं. म्हणजे एके काळी रानात आपोआप उगवणारी ही वनस्पती माणसानं इतक्या वर्षांपूर्वी हाताशी धरली, की नावातच 'पेरलेली' आलं. तिच्या रानटी बहिणी पश्चिम आशियात अजून आहेत. पिकांची मूळ घरं शोधत जगभर फिरलेला रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह १९२६-२७ मध्ये अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला गेला होता. अळिवाचं मुख्य घर त्यानं तिथेच मानलं. इथिओपियात याला 'फेटो' म्हणतात, आणि तिथेही तो घरगुती औषध म्हणून डब्यात असतो.

सायरसच्या देशातली शिदोरी

लिखित इतिहासात अळीव मला पहिल्यांदा भेटला तो इराणात. झेनोफोन नावाचा ग्रीक लेखक इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. त्यानं इराणचा थोरला राजा सायरस याच्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात इराणी मुलांच्या शाळेचं वर्णन आहे. मुलं घरून काय आणत? भाकरी, तोंडी लावायला अळिवाचा पाला, आणि नदीचं पाणी प्यायला एक वाटी. बस्स! साधं खायला शिकणं हाच शिक्षणाचा भाग होता.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. सायरस वारला इसवी सनापूर्वी ५३० साली. आपल्या परंपरेप्रमाणे भगवान महावीरांचा काळ इसवी सनापूर्वी ५९९ ते ५२७. म्हणजे दोघे एकाच काळातले. इकडे मगधात रसत्यागाचा उपदेश चालू होता, आणि झेनोफोनचं खरं मानायचं तर तिकडे इराणात मुलांना भाकरी आणि पाला यावर समाधान मानायला शिकवत होते. याचा त्याच्याशी संबंध जोडायला मी जात नाही. पण वाचून बरं वाटलं.

अळिवाचं ग्रीक नाव 'कार्दामोन'. ऐकून काही आठवलं? वेलदोड्याला इंग्रजीत कार्डमम म्हणतात. तो शब्द याच कार्दामोनला दुसऱ्या एका मसाल्याचं नाव जोडून झाला. आपण अळिवाच्या लाडवात वेलदोड्याची पूड घालतो, तेव्हा एकाच ताटात नावाचे मूळ मालक आणि उसनवार घेणारे एकत्र येतात. रोमन लोकांची गंमत वेगळी. त्यांच्याकडे या पाल्याला 'नास्टर्टियम' म्हणत, आणि प्लिनी नावाचा त्यांचा लेखक सांगतो की शब्दाचा अर्थ आहे नाकाचा छळ! ज्यांनी ताजं पान चावून बघितलंय त्यांना हे लगेच पटेल.

आणि आता उत्तर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ नावाचा वैद्य होऊन गेला. गाव अनाझार्बस, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेला. त्यानं औषधी द्रव्यांवर पाच भागांचा ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिला. पुढे दीड हजार वर्षं युरोपात आणि अरबी जगात वैद्य तो वापरत होते. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याचं अरबी भाषांतर झालं आणि हुनैन इब्न इसहाक या विद्वानानं ते तपासून सुधारलं. अरबीत अळिवाला 'हुर्फ' म्हणतात, आणि 'हब्ब अर-रशाद' हे नाव तर आजही तिकडच्या बाजारात चालतं.

या डायोस्कोरिडीझनं अळिवाबद्दल काय लिहिलं ते ऐका. उत्तम अळीव बाबिलोनचा. बी उष्ण, तिखट, पोटाला फार मानवणारं नाही, जंत पाडणारं. आणि पुढे स्पष्टच, की हे बी अडलेली पाळी आणतं आणि पोटातल्या गर्भाला घातक ठरतं.

मैत्रिणींनो, मी ते वाचलं आणि उठून सासूबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "आई, लिहिलंय. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलंय."

त्या म्हणाल्या, "मग? मी काय खोटं सांगत होते?"

सासूबाईंना ग्रीक सोडाच, इंग्रजी अक्षरंही वाचता येत नाहीत. त्यांच्या आईला तर सहीसुद्धा येत नव्हती. तरी त्या वैद्यानं लिहिलेली गोष्ट त्यांना माहीत होती. बियाण्याबरोबर हे शहाणपण देशोदेशी फिरत आलं असेल, किंवा जिथे जिथे बायकांनी अळीव हाताळला तिथे तिथे त्या आपल्या अनुभवानं शिकल्या असतील. कसंही असो, ते टिकवलं बायकांनी.

आपल्या ग्रंथांत

मग आपल्याकडे काय लिहिलंय? चंद्रशूर हे नाव ठळकपणे भेटतं ते भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात. काळ सोळावं शतक. तिथे अळिवाची बरीच नावं दिली आहेत. चंद्रिका, चर्महंत्री, नंदिनी, भद्रा आणि एक मजेशीर नाव 'पशुमेहनकारिका', म्हणजे गुरांना लघवी साफ करणारी. गोठ्यातला अनुभवसुद्धा नावात उतरलाय बघा. मेथी, अळीव, काळं जिरं आणि ओवा या चौघांना मिळून 'चतुर्बीज' म्हटलंय. बाळंतिणीच्या घरात या चारांपैकी निदान तीन डबे उघडे असतातच.

गुण काय सांगितले? उचकी, वात, कफ, अतिसार यांवर हितकर, रक्त आणि वाताच्या तक्रारींवर उपयोगी, बल आणि पुष्टी वाढवणारा. हे सगळं बरोबर. पण त्या वर्णनात बाळंतिणीचं नाव नाही, आणि गरोदर बाईला देऊ नका हेही नाही. म्हणजे महाराष्ट्रात अळीव म्हटल्यावर जी गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांसमोर येते, ती बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेल्या लाडवांची पितळी डबी, तिला तिथे जागा नाही. ती जागा आपल्या चुलीपाशीच होती.

इंग्रजांच्या काळात मुंबईत विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर भारतातल्या औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ केला, 'फार्माकोग्राफिया इंडिका'. १८८९ ते १८९३ मध्ये तो निघाला, आणि त्यात अळिवाचीही नोंद आहे. तोवर आपल्या पणज्यांचे लाडू पिढ्यान्‌पिढ्या वळून झाले होते.

आपल्या जैन परंपरेत वैद्यकाचा ग्रंथच नव्हता असं मात्र नाही. उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा नवव्या शतकातला, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षांच्या काळातला. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, आपल्या सोलापूरपासून फार दूर नाही. त्या ग्रंथाचं वैशिष्ट्य असं, की औषधात मद्य, मांस आणि मध यांना थारा नाही. मांसाशिवाय औषध होतं हे आचार्यांनी राजसभेत विद्वानांपुढे मांडलं. १९४० साली सोलापुरातूनच हा ग्रंथ हिंदी अनुवादासह छापून निघाला. आपल्या घरांत अळीव मधाऐवजी गुळात वळला जातो, पाणी गाळून घेतलं जातं, ही त्याच विचाराची घरगुती बाजू आहे. आचार्यांनी तत्त्व सांगितलं. दाणा किती, गूळ किती, कोणत्या दिवसापासून, हे आजीनं ठरवलं.

आपल्या घरातले नियम

म्हणून आता हे नियम मी लिहून ठेवते. आमच्या सासूबाईंचे आहेत, कोल्हापूरकडचे. तुमच्याकडे थोडे वेगळे असतील.

अळीव रात्री भिजत घालायचा नाही. रात्रभर भिजला की दुसऱ्या दिवशी त्याला मोड दिसू लागतो, आणि नुकता फुटलेला कोंब म्हणजे अनंत जीवांचा आश्रय. सकाळी सूर्योदयानंतर गाळलेल्या पाण्यात किंवा ताज्या नारळाच्या पाण्यात भिजवायचा. दोन तास पुरतात. दाणा चौपट फुगतो आणि त्याभोवती पारदर्शक बुळबुळ येते. ती बुळबुळ म्हणजेच त्याचं औषध. पाव वाटी अळीव, दोन वाट्या ओलं खोबरं, सव्वा वाटी गूळ, चमचाभर तूप. सगळं एकत्र मंद आचेवर आटवायचं, गोळा कढईपासून सुटला की वेलदोडा आणि जायफळ घालायचं. पंधरा-सोळा लाडू होतात. ओलं खोबरं आणि पाणी लागलेला पदार्थ, म्हणून मर्यादा त्याच दिवसाची. बेताचेच करायचे.

डबा भरून ठेवायचा असेल तर पाणी न लावता. अळीव तुपात तडतडेपर्यंत भाजायचा, सुकं खोबरं किसून भाजायचं, डिंक तळून चुरायचा, गूळ किसून मिसळायचा. भाजलं की दाणा प्रासुक होतो. याची मर्यादा पिठासारखी धरतात, हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन.

बरेच जणी विचारतात, दुधातली अळिवाची खीर द्विदलात येते का? द्विदल म्हणजे ज्याची डाळ होते आणि ज्यात तेल नसतं ते धान्य. अळिवात मोहरीसारखं तेल असतं, म्हणून आमच्याकडे तो द्विदलात मोजत नाहीत. तुमच्या घरी वेगळं मानत असतील तर माताजींना विचारून घ्या.

बाळंतिणीला दिवसाला एक लाडू, बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यानंतर, भूक नीट लागायला लागल्यावर. दुधासाठी देतात, कंबरेसाठी देतात. अरबी देशांतल्या बायकाही बाळंतिणीला रशाद देतात, तेही दुधासाठीच. आपली त्यांची ओळख नाही, भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण बाळंतिणीची वाटी तीच. दूध वाढतंच असं मी कुणाला छातीठोक सांगणार नाही. हा अनुभवाचा भाग आहे.

आणि कुणाला नाही? पोटुशीला नाही, हे आता तुम्ही विसरणार नाही. ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, कारण कोबी-मोहरीच्या कुळातल्या झणझणीत द्रव्यांचा थायरॉइडशी संबंध येतो. कोरडा अळीव कुणीच चमच्यानं तोंडात टाकू नये. तो पाण्यात फुगतो, तसाच घशातही फुगतो.

लोहाचंही सांगते. पोषणाच्या जुन्या भारतीय तक्त्यांत १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह दिलंय. हाच आकडा सगळीकडे फिरतो. नंतरच्या मोजण्यांत तो बराच कमी-जास्त आलाय. आणि १०० ग्रॅम खातं कोण? एका लाडवात जेमतेम अर्धा चमचा अळीव. शिवाय धान्य-बियांतलं लोह अंगी लागतं थोडंच, बरोबर लिंबू किंवा आवळा असेल तर जरा जास्त. म्हणून अळीव आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद, असं करू नका.

कुंडीतला अळीव

एवढं वाचल्यावर मला तो उगवून बघायचा मोह झाला. हे रब्बीचं पीक. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशात शेतात घेतात. मी ऑक्टोबरच्या शेवटी एका पसरट कुंडीत पेरला. दाणे बारीक, म्हणून कोरड्या मातीत मिसळून विखुरले आणि वर मातीचा पातळ थर दिला. ओल्या हातानं पेरायला गेलात तर बोटांनाच चिकटून बसतात. दोन दिवसांत हिरवं दिसलं. पहिल्या पानांची गंमत बघा, इतर रोपांची दोन दळं साधी असतात, अळिवाच्या प्रत्येक दळाला तीन बोटं असतात.

पाला मी तोडला नाही. झाड आपणहून वाढू दिलं, गाळलेलं पाणी घातलं. गुडघ्याच्या वर गेलं, डिसेंबर-जानेवारीत पांढरी फुलं आली, मग चपट्या शेंगा, टोकाला खाच असलेल्या, एकेकीत दोनच दाणे. फेब्रुवारीच्या शेवटी झाड पिवळं पडून आपलं आपण वाळलं, तेव्हा कापलं आणि कागदावर झटकलं. सगळं मिळून मूठभर अळीव! तेव्हा कळलं, पाव वाटीमागे किती झाडं उभी राहतात. बाजारातून पाकीट आणताना हा विचार कधी मनात आला नव्हता.

माझी लेक इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिकडच्या शाळांत लहान मुलांना कापसावर 'क्रेस' उगवायला देतात, बऱ्याचदा अंड्याच्या टरफलात, म्हणजे टरफलाला हिरवे केस आल्यासारखे दिसतात. लेकीनं बाईंना सांगून नातीसाठी कागदी कप मागून घेतला. नातीनं व्हिडिओवर मला तो कप दाखवला, "आजी, हे बघ माझं गवत!" प्रत्येक पानाला तीन बोटं. मी म्हटलं, "अगं, हा तर आपला अळीव!" लेकीला पटेना. मग मी माझी कुंडी कॅमेऱ्यासमोर धरली. तिकडे तो सँडविचमध्ये कच्चा घालतात. आमच्या नातीनं मात्र कापायला नकार दिला. खिडकीत तसाच उभा आहे म्हणे.

भाचीला एप्रिलमध्ये मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. सासूबाईंनी स्वतः बसून लाडू वळले, आणि त्यांत माझ्या कुंडीतला मूठभर अळीवही घातला. डब्याबरोबर मी एक कागद दिला. वर लिहिलं, 'अळीव : कधी, किती, कुणाला नाही'. खाली सासूबाईंचं नाव आणि गाव. भाचीनं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. म्हणाली, "मावशी, आता माझ्या पोरीनं विचारलं कुठे लिहिलंय, तर दाखवायला आहे."

तुमच्या घरी चौऱ्याऐंशीची कुणी असेल तर आजच तिच्याजवळ वही घेऊन बसा. मेथीचं विचारा, ओव्याचं विचारा, डिंकाचं विचारा. काय खावं ते पाकिटावर छापलेलं असतं. कधी खाऊ नये ते तिला विचारा, आणि खाली तिचं नाव लिहा.

जय जिनेंद्र.